रूळ, रोखा आणि कळफलक



व्यक्ती तितक्या प्रकृती, ही आपली जुनी म्हण. यंत्र बनविणाऱ्यापुढचा सारा पेच तिच्यात सामावलेला आहे. माणसे जर इतकी निरनिराळी, तर त्या सर्वांना एकच यंत्र कसे द्यावे? याला दोन उत्तरे आजवर दिली गेली. पहिले असे, की यंत्राची मांडणी ज्याची त्याला बदलता यावी. कळा, रंग, अक्षरे, याद्या, जे हवे ते हवे तिथे हलवता यावे. दुसरे असे, की बनविणाऱ्यानेच नीट विचार करून एक मांडणी ठरवावी आणि ती इतकी चांगली करावी, की बहुतेकांना ती बदलण्याची गरजच पडू नये. संगणकवाले जिला 'डिफॉल्ट' म्हणतात, ती हीच. मालकाने काहीही न सांगता यंत्र आपण होऊन ज्या रीतीने चालते, ती रीत. तिला मी आज आयती मांडणी म्हणेन आणि दुसरीला आवडीची मांडणी म्हणेन.

हा वाद संगणकाबरोबर जन्मला असे अनेकांना वाटते. तो त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे दोन धडे तर आपल्या भीमाकाठी व घोडनदीकाठीच मिळालेले आहेत. म्हणून आधी घरचे पाहू आणि मग संगणकाकडे वळू.

पहिला धडा दौंडच्या रुळांचा. हिंदुस्थानात आगगाडी आली तेव्हा रुळांमधले अंतर साडेपाच फूट ठरले. पुढे १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या राजवटीत खर्च वाचविण्यासाठी मीटर मापाचे रूळ घालण्याचे धोरण आले, आणि काही ठिकाणी त्याहूनही अरुंद रूळ पडले. प्रत्येक प्रांताला, प्रत्येक कंपनीला आपापल्या ऐपतीप्रमाणे माप निवडण्याची मुभा मिळाली. ती त्या त्या वेळी वावगीही नव्हती. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तो मात्र रुंद मापाचाच होता. दोन्ही टोकांना रुंद रूळ होते, म्हणून गाडी या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ जाऊ शकली. उलट १९१४ मध्ये सुरू झालेला दौंड-बारामती फाटा अडीच फुटी होता. स्वस्तात रेल्वे मिळाली खरी. पण बारामतीहून आलेल्या उतारूने दौंडला उतरून दुसऱ्या गाडीत बसावे आणि मालाचे प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घालावे, हे ओघानेच आले. माप निवडले कंपनीने, आणि त्या निवडीचा भार पडला हमालाच्या पाठीवर. पुढे त्या फाट्याचेही रुंदीकरण झाले आणि १९९२ पासून तर सगळ्या देशाचे रूळ एका मापाचे करण्याचा कार्यक्रमच रेल्वेने हाती घेतला. जे आरंभी ठरवायचे राहते, ते शंभर वर्षांनी दामदुपटीने ठरवावे लागते, असा हा धडा आहे.

दुसरा धडा याहून कडू आहे. तो रुळांचा नाही, रोख्यांचा आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून तिथल्या देशमुखाचे घर पाडावयास घेतले. गावाने आधी विनवण्या केल्या, आणि त्या फुकट गेल्यावर सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानी कोणी जाईना, न्हावी-परीट त्यांचे काम करीनात. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा रोख होता वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. ते कागद हाती लागले, की त्यांची होळी होई. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावी हे लोण पोचले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

लोकांचा राग कागदावर का? फेरआकारणीत वाढलेला सारा, कापसाचा उतरलेला भाव, ही कारणे होतीच. परंतु रोख्याचे कारण स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. कायद्याच्या दृष्टीने रोखा म्हणजे दोन स्वतंत्र माणसांनी राजीखुशीने केलेला करार. त्यात कोणत्या अटी घालाव्या, व्याज किती लावावे, हे सगळे त्या दोघांच्या मर्जीवर. याहून अधिक मोकळीक ती कोणती! पण त्या दोघांपैकी एकाला लिहिता-वाचता येत होते आणि दुसरा तळाशी नांगराची निशाणी करीत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, ती कुळाच्या रक्षणासाठी. तर दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. अटी ठरविण्याची मोकळीक दोघांना होती, परंतु ती वापरता येत होती एकालाच.

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्याने काय केले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. शेतकऱ्याने काही मागणी न करताही कोर्टाने रोख्याच्या मागे जावे, व्यवहार मुळापासून तपासावा. रोखा गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिला जावा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. दिलेल्या पैशाची पावती मिळावी. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याला आणखी चार हक्क मागण्याची मोकळीक दिली असे नाही. त्याने काही न मागता जे घडते, तेच बदलले. आयती मांडणी बदलली. कायदा निर्दोष नव्हता. गहाणाच्या ऐवजी खरेदीखत लिहून घेण्याच्या पळवाटा निघाल्या आणि कर्ज मिळणेही अवघड झाले. तरी त्यामागचे तत्त्व मोलाचे होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे पन्नास अटी ठेवून 'यांतून निवड' म्हणणे, हे स्वातंत्र्य नव्हे.

हे दोन धडे गाठीशी बांधून आता संगणकाकडे जाऊ. खात्यापित्या घरातला शिकलेला माणूससुद्धा यंत्रापुढे बसला, की पुष्कळ अंशी त्या निशाणी करणाऱ्या कुळासारखाच असतो. फोनवर नवे काही घेताना लांबलचक अटी समोर येतात, आणि आपण 'मान्य' म्हणून पुढे जातो. बदलण्याजोग्या गोष्टींची यादी भली मोठी असते आणि तिच्याकडे बहुतेक जण कधी फिरकत नाहीत. आळस हे त्याचे कारण नव्हे. त्याला त्याचे दुसरे काम असते; यंत्र हे त्याचे साधन आहे, साध्य नव्हे.

यंत्रकारांनाही हे अनुभवाने कळले. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये अशी सोय होती, की वापरणाऱ्याच्या सवयी पाहून याद्या आपण होऊन बदलत. नेहमीचे वर येई, क्वचितचे लपून बसे. कल्पना मोठी गोड. परंतु कालची गोष्ट आज जागेवर सापडेना, आणि एकाने दुसऱ्याला 'वरून तिसरी ओळ दाब' असे सांगण्याची सोय राहिली नाही, कारण दोघांची तिसरी ओळ वेगळी. २००७ च्या आवृत्तीत त्या मुख्य कार्यक्रमांतून ही रीत गेली आणि सर्वांना सारखी दिसणारी पट्टी आली. मांडणी सर्वांची एक असली, की शिकलेला शेजाऱ्याला शिकवू शकतो. आवडीच्या मांडणीची जी किंमत द्यावी लागते, तिचा हा भाग सहसा कोणी हिशेबात धरीत नाही.

आपल्या मराठीला ही किंमत कशी मोजावी लागली, तो इतिहास आता सांगतो.

टंकलेखन यंत्र अमेरिकेत जन्मले. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. ते रोमन लिपीसाठी घडलेले. रोमन अक्षरे सव्वीस. आपली व्यंजने, स्वर, काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांना तेवढ्या कळा कशा पुराव्यात? तेव्हा अर्धी अक्षरे कळांवर ठेवून त्यांना काना जोडून पूर्ण अक्षर करण्याची युक्ती निघाली. अर्धा 'ख' उमटवावा, मग काना द्यावा, की 'ख' झाला. ऱ्हस्व इकार डोळ्यांना आधी दिसतो, म्हणून तो आधी टंकावा आणि व्यंजन नंतर. उच्चाराचा क्रम एक, बोटांचा दुसरा. त्यातही रेमिंग्टनचा कळफलक एक आणि गोदरेजचा निराळा. एका यंत्रावर हात बसलेल्या माणसाला दुसऱ्या यंत्रावर पुन्हा ओनामा गिरवावा लागे. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकयंत्र काढले आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर कचेऱ्यांतून मराठी टंकलेखनाची गरज वाढली. पण कळांचा मेळ काही बसला नाही.

यंत्र लिपीला जुळेना, तेव्हा लिपीच यंत्राला जुळवावी असेही प्रयत्न झाले. सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याची सूचना मान्य केली. पण लोकांच्या डोळ्यांना आणि हाताला ती मानवली नाही आणि १९५७ मध्ये ती सोडून द्यावी लागली. पिढ्यान्‌पिढ्यांची वळणे एका ठरावाने बदलत नाहीत. आयती मांडणी वरून लादायची असेल, तर आधी खालच्यांची सवय ओळखावी लागते.

संगणक आला आणि पहिल्याने खरी संधी चालून आली. लोखंडी टंकांची अडचण संपली. कोणत्या कळीने काय उमटावे हे आता मनुष्याच्या हातात. आय.आय.टी. कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 'इन्स्क्रिप्ट' नावाचा कळफलक ठरविला आणि १९९१ च्या भारतीय मानकात तो समाविष्ट झाला. त्याची रचना पाहिली म्हणजे विचारपूर्वक केलेली मांडणी कशी असते ते कळते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. 'क'च्या कळीवर 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ', 'प'च्या कळीवर 'फ': अल्पप्राण साधा दाबून, महाप्राण शिफ्टसह. ज्या कळीवर काना, तिच्यावरच शिफ्टसह 'आ'. 'ल'च्या कळीवर 'ळ'. इकार उच्चारात येतो तसा व्यंजनानंतर. पाणिनीच्या देशाला शोभेल अशी ही वर्णव्यवस्था. आणि गंमत अशी, की गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू यांनाही हाच कळफलक चालतो. एकदा बोटे बसली, की लिपी बदलली तरी 'क' आपल्या जागी सापडतो.

मग हा कळफलक घरोघर का गेला नाही? कारण तो मानकात राहिला, यंत्राबरोबर आला नाही. बाजारात मिळणाऱ्या कळफलकावर कोरलेली अक्षरे रोमनच. टंकलेखन शाळांतून शिकून आलेला मनुष्य जुन्या यंत्राची सवय घेऊन आला. त्यांना दुखवू नये म्हणून मराठीच्या आज्ञावली देणाऱ्यांनी सगळेच दिले: इन्स्क्रिप्ट घ्या, टंकयंत्राची रीत घ्या, नाही तर रोमन अक्षरांवरून उच्चारानुसारी मराठी घ्या. ज्याला जे आवडेल ते! मनाचा मोठेपणा म्हणून हे कौतुकास्पद आहे. परिणाम मात्र असा झाला, की ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्याला काहीच सापडले नाही. तो निमूटपणे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला.

फॉण्टांची कथा याहून वाईट. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे अनेक संच निघाले. अक्षरे सुरेख, छपाई देखणी. मराठी वर्तमानपत्रांचे व पुस्तकांचे संगणकीय जुळणीचे युग त्यांनीच आणले, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. पण यांपैकी बहुतेक संच आतल्या आत रोमन अक्षरांच्या जागा अडवून तिथे आपल्या मराठी अक्षरांचे तुकडे बसवीत, आणि प्रत्येकाची बसविण्याची तऱ्हा निराळी. एका संचात लिहिलेला मजकूर तो संच नसलेल्या यंत्रावर उघडला, की समोर रोमन अक्षरांचा अर्थहीन कालवा. शिरूरला टाइप केलेला अर्ज दौंडला उघडेलच याची शाश्वती नाही. दौंडच्या फलाटावर पोती उतरवून पुन्हा चढवावी लागत, तसा हा मजकूर एका संचातून दुसऱ्यात उतरवून घेण्यासाठी नवे कारागीर लागू लागले. त्या काळात लिहिलेले कितीतरी मराठी लेखन आजही अशा जुन्या कुलपांत पडून आहे आणि किल्ल्या हरवत चालल्या आहेत.

यातून सुटका केली ती युनिकोडने. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला, आणि त्याचा पाया आपल्याच भारतीय मानकाचा होता. 'क'ला एक क्रमांक, तो जगभर तोच. अक्षर दिसावे कसे ही प्रत्येकाची आवड; अक्षर आहे कोणते, हे सर्वांचे एक. २००९ मध्ये केंद्र सरकारने प्रशासनासाठी हेच मानक ठरविले. रुळांचे माप एक झाले; आता डबे हवे त्या रंगाचे असोत! माझ्या मते आयत्या आणि आवडीच्या मांडणीची खरी वाटणी येथे सापडते. दोन माणसांना जोडणारे जे आहे ते एक असावे आणि नीट ठरवलेले असावे. एकट्याच्या डोळ्यांपुरते जे आहे ते त्याला हवे तसे बदलता यावे. ज्याची दृष्टी मंद आहे त्याला अक्षर मोठे करता आले पाहिजे, डावखुऱ्याला त्याची सोय मिळाली पाहिजे. ही दारे बंद करणारी मांडणी चांगली म्हणता येणार नाही.

एका धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. आयती मांडणी ठरवितो कोण? विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉण्ट आला. तो रेखला र. कृ. जोशी या थोर मराठी सुलेखनकारानेच. तरी साऱ्या देवनागरीसाठी म्हणून त्यात 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीच्या धाटणीची आली. मराठी मुलाने पाटीवर एक 'श' गिरवावा आणि पडद्यावर दुसरा पाहावा, असे झाले. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीची वर्णमाला व अक्षरवळणे ठरवून दिली. आणि लेखनाची भाषा मराठी आहे असे सांगितल्यास मराठी वळणे दाखविण्याची सोय नव्या फॉण्टांत करता येते. पण तसे सांगणार किती जण? 'ॲ' हे आपले अक्षर. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडावे लागले. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. पण तो अर्धा 'ऱ' साधण्याचे संगणकात दोन मार्ग आहेत, आणि एका मार्गाने लिहिलेला शब्द दुसऱ्या मार्गाने शोधू गेल्यास सापडेलच असे नाही. ज्यांची संख्या मोठी त्यांच्या सोयीने मांडणी ठरते, आणि बाकीच्यांना सांगितले जाते: तुम्हांला बदलण्याची मुभा आहेच की! कर्डे-सुप्याच्या कुळालाही मुभा होतीच.

म्हणून आवडीच्या मांडणीचा हक्क मागून आपले काम संपत नाही. आयती मांडणी ठरते त्या जागी मराठी माणूस हजर असला पाहिजे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये फोनसाठी भारतीय भाषांची सक्ती जाहीर केली, तेव्हा दार अर्धे उघडले. उरलेले अर्धे उघडणे आपल्या गावच्या हाती आहे. आपल्या शाळेने, नगरपालिकेने, पतपेढीने, ग्रंथालयाने संगणक घेतला, की तो पहिल्या दिवशी कोणत्या भाषेत उघडतो ते पाहावे. कळांवर मराठी अक्षरे आहेत का, मुलांना इन्स्क्रिप्ट शिकविला जातो का, कचेरीचा मजकूर युनिकोडमध्ये ठेवला जातो का, हे विचारावे. विकत घेतानाच विचारावे. नंतर बदलता येईल या भरवशावर राहू नये. नंतर बदलतो तो हजारांत एखादा, आणि भाषा जगते ती उरलेल्या नऊशे नव्याण्णवांच्या बोटांवर.